चिंधी नसलेलं झाड

हळूच बोलते. मी कण्हेर. घराच्या मागच्या बाजूला खिडकीला खेटून उभी आहे ना, गुलाबी फुलांची, तीच मी. रस्त्याने जाणारे माझ्याकडे बघून "काय बहरलीय!" म्हणतात आणि घरातली माणसं माझ्या शेजारून जाताना अंग चोरतात. दोन्हीची मला सवय आहे.

माझा जन्म म्हणाल तर कुणीतरी कुंपणाला टेकू म्हणून एक काडी खोचली आणि विसरून गेलं. काडीला मुळं फुटली. पाणी कुणी घातलं नाही, खत तर लांबच राहिलं. आम्हाला लागतही नाही. गुरं तोंड लावत नाहीत, माणसं हात लावत नाहीत. एकटं कसं राहायचं हे आम्हाला शिकवावं लागत नाही, पण ते आवडतं असं मात्र समजू नका.

या घरात दोन माणसं राहतात. एक म्हातारे घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडली, त्यात डोळे गेले. दुसरी त्यांची लेक, हॉस्पिटलात नर्स. आणि तिसरा दाढोबा. तो बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे हातभर लांबीचा एक सरडा, हनुवटीखाली काट्यांची दाढी असलेला. कुण्या हौशी माणसाची हौस फिटली आणि हे ध्यान लेकीच्या पदरात पडलं. त्याची पेटी खिडकीशी ठेवलेली. त्याला खरं ऊन हवं असतं, म्हणून दिवसा खिडकी उघडी असते.

दाढोबाला रोज ताजा पाला लागतो. घड्याळजींकडे आता हे एवढंच काम उरलंय. दुकान बंद झालं, गॅसपाशी लेक फिरकू देत नाही. तिने बागेत लाल चिंध्या बांधल्या. जास्वंदीला एक, भोपळ्याच्या वेलाला एक, कोथिंबिरीच्या कुंडीला एक.

"बाबा, चिंधी हाताला लागली तरच तोडायचं. धुवायचं, एकेक पान बारीक करून द्यायचं. आणि ती कण्हेर आहे ना, तिचं एक पान पोटात गेलं तर दाढोबाचा खेळ खलास."

"अगं, दिसतं मला!"

"दिसतं हो. तरीपण."

त्यांना दिसत नव्हतं. उजेड आणि सावली, बस्स. मला ठाऊक होतं, कारण वाऱ्याने मी हलले की ते मान वर करून विचारायचे, "आलीस का गं?" मी काय उत्तर देणार! पण बरं वाटायचं. लेकीला वाटायचं, नजर नुसती अधू झालीय; त्यापुढचा पत्ता त्यांनी तिला लागू दिला नाही. कळलं तर हेही काम हातातून जाईल, ही धास्ती.

दाढोबा दिवसभर माझ्याकडे बघत बसायचा. बघता बघता एक हात उचलायचा, हवेत सावकाश फिरवायचा आणि खाली ठेवायचा. मला वाटायचं, हा मला बोलावतोय. आजवर मला कुणी बोलावलं नव्हतं. माझा त्याच्यावर जीव जडला. मी त्या बाजूला फांद्या वाढवू लागले. लेकीने छाटल्या, मी पुन्हा वाढवल्या.

एकदा शेजारीण आली. पेटीपाशी उभी राहून म्हणाली, "अगंबाई, हा तर नमस्कार करतोय!"

"नमस्कार नाही काकू," लेक हसली. "समोर कुणी मोठं दिसलं, भीती वाटली, की तो असा हात हलवतो. मी लहान आहे, मला काही करू नका, असं म्हणतो तो."

"पण मी तर इकडे आहे. तो खिडकीकडे बघतोय. तिथे कुणीच नाही."

लेकीने पुढे होऊन पडदा ओढला.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मग राग आला. जास्वंदीची पानं तो मिटक्या मारत खातो आणि मला घाबरतो! माझी एक कोवळी फांदी जास्वंदीत शिरलीच होती. चिंधीची गाठ सैल होती. मी तिच्यातून डोकं वर काढलं. पहिल्यांदाच माझ्या अंगावर लाल चिंधी आली.

त्या सकाळी घड्याळजी जास्वंदीपाशी आले. चिंधी चाचपली, तिच्यावरचा झुबका तोडला; त्यात माझा शेंडाही आला. पानं धुतली आणि निवडायला बसले. एवढ्यात फोन वाजला.

"बाबा, पाला घातलात?"

"कधीच!" घड्याळजी म्हणाले.

खोटं बोलले आणि ते खरं करायच्या घाईत सगळा झुबका तसाच पेटीत ठेवला. दाढोबा आला. त्याने जास्वंदीचं एक पान खाल्लं, दुसरं खाल्लं. मग जीभ काढून मला चाटलं. मी आनंदाने थरथरले, खोटं कशाला सांगू? त्याने मला तोंडात धरलं.

घड्याळजी टॉवेलला हात पुसत होते. बोटं बोटांना चिकटली. जास्वंद बुळबुळीत लागते, चिकट नाही. त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पेटीत हात घालून त्यांनी दाढोबाचं डोकं शोधलं, जबडा उघडला आणि घड्याळातली बारीक कमान काढावी तसं मला त्याच्या तोंडातून अलगद काढून घेतलं.

लेक घरी येईपर्यंत ते त्याच्या छातीला बोट लावून ठोके मोजत बसले होते.

"मला दिसत नाही गं," ती दारात असतानाच ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. आज मी याला मारलं असतं."

ती रागावली नाही. त्यांच्याजवळ जमिनीवर बसली आणि रडली. जनावरांच्या डॉक्टरांनी दाढोबाला तपासलं, चीक पोटात गेला नव्हता म्हणून निभावलं. आता ती स्वतः पाला खुडून बाबांच्या हातात देते आणि ते तो बारीक करून भरवतात. काम त्यांच्याकडेच राहिलं.

काल माझ्यावर चर्चा झाली. "मुळापासून काढायची," लेक म्हणाली. "पण बाबा, जाळायची नाही हं. हिचा धूरसुद्धा विषारी. उद्या त्या तोडणाऱ्याला मी नीट बजावते."

आज पहाटेच तिला हॉस्पिटलातून बोलावणं आलं. तो माणूस मात्र ठरल्यापेक्षा लवकर आलाय. घड्याळजी आत दाढोबाला भरवताहेत, त्यांना चाहूल नाही. कुऱ्हाड बाजूला ठेवून त्याने खिशातली काड्यापेटी चाचपली. एवढा पसारा कुठे वाहून नेणार, असं पुटपुटला. वारा घराच्या दिशेने वाहतोय आणि खिडकी उघडी आहे.

भाऊ, तुम्ही भले दिसता. खुशाल कापा मला, मी हूं की चूं करणार नाही. एकच मागणं आहे. लांब नेऊ नका. इथेच पेटवा, या खिडकीखाली. मला एकदा आत जायचंय.