उघाडीच्या फळीचा पाट

आपलाच पाट मागायला वकील कशाला, असा धोंडुबाईचा रोकडा सवाल होता. नवरा काळुराम पेणच्या मिठागरात जन्मभर राबला. खाडीचं पाणी आत सोडायच्या दाराला उघाडी म्हणतात. तिचीच जुनी फळी तासून त्यानं गणपतीसाठी पाट केला होता. काळुराम गेल्यावर बाई लेकाकडे रोह्याला आली, पण पाट दरवर्षी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात न्यायची आणि मूर्ती त्यावरच बसून यायची. यंदा गर्दीत गणपती आला तो परक्याच पाटावर. कारखानदार म्हणाला, "तुमचा सापडत नाय, नवीन देतो." नवीन? बाईचं टाळकंच सरकलं.

पण कोर्ट म्हणजे काय घरचं अंगण आहे? शेजारचा जगन म्हणाला, राहतेस रोह्याला तर दावा रोह्याला. तिथं कळलं, कारखाना पेणचा, तर दावा पेणला. मग परका पाट पुरावा म्हणून फडक्यात बांधून ती एसटीनं पेणला गेली. तिथं वादी, प्रतिवादी, वादाचं कारण. आपलं भांडण कारखानदाराशी की गणपतीशी, हेच तिला कळेनासं झालं.

"दाव्याची किंमत किती लिहू?" कारकुनानं विचारलं.

"पैसं नकोत. धन्याचा पाट पायजे."

"ते कळलं हो आजी. पण त्यावर स्टॅम्प ठरतो. आकडा लागतोच."

शंभर म्हणावं तर काळुरामची लाज, लाख म्हणावं तर आपली. बाईला घाम फुटला. "ह्यो बघा, ह्यो माजा नाय," म्हणत तिनं फडकं सोडलं.

कारकुनानं पाट सरळ उलटा केला. धोंडुबाईच्या अंगावर काटा आला. देवाचा पाट कुणी उपडा घालतं का? तिनं तीन महिन्यांत एकदाही घातला नव्हता. खाली रंगानं लिहिलं होतं, "आनंदीबाई, जुन्या शाळेमागे, अष्टमी."

"आधी इथं जाऊन या," कारकून म्हणाला. "अर्ज काय, नंतरही होईल."

अष्टमी! रोह्याचा पूल ओलांडला की आलीच. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय?

आनंदीबाई म्हणजे निवृत्त मास्तरीण, एकटीच राहायची. तिच्या देवापुढे उघाडीचा पाट होता, स्वच्छ पुसलेला, वर मूठभर तांदूळ.

"तुमचा का हो हा?" ती म्हणाली. "कडा मिठानं खाल्ल्यात, म्हटलं खाडीवरच्या कुणाचा तरी असणार. तिकडची तीन गावं फिरले. पुलापलीकडे पाहायचं मात्र सुचलं नाही."

"नि तुमचा सवताचा पाट?"

"तो मिळाला असता कधीतरी. हा ज्याचा, त्याच्या जिवाला घोर लागला असेल, असं वाटायचं."

फिर्याद घेऊन निघालेली धोंडुबाई उंबऱ्यावरच थिजली. फडक्यातला पाट तिनं पुढे केला.

"बाय, तीन महिनं तुमचा पाट माज्या घरान हाय," ती रडत म्हणाली. "कुनाचा म्हनून मी एकदाबी इचारला नाय गो."