फॅनची तार

चिंतामणी सरांची हायब्रीड गाडी ओढून उद्यमबागेतल्या गॅरेजात आणली, तेव्हा मेकॅनिक सौरवनं आधी मागची सीट उचलली. बॅटरी तिच्याखालीच होती. सीटला आंबूस वास येत होता.

"हिनं ताक सांडलं," सर म्हणाले. "डबा नीट धर म्हणून सांगितलं होतं."

त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाई मागं उभ्या होत्या. त्यांची थोरली बहीण मालूआक्का निपाणीत अत्यवस्थ होती. तिला भेटायला निघालेली गाडी तवंदी घाटात बंद पडली. दुसरी गाडी मिळून दोघं पोहोचेपर्यंत आक्का गेली होती.

ती दोघं घरी गेल्यावर सौरवनं तपासलं. ताक वरच्या मॅटवरच सुकलं होतं, बॅटरीपर्यंत पोचलंच नव्हतं. मग बॅटरीच्या कंट्रोल मॉड्यूलचा कनेक्टर बघताना त्याचे हात थांबले. उंदरानं कुरतडलेला कनेक्टर मागच्या महिन्यात त्यानंच बदलला होता. त्यानं मोबाईलवर पिनांचा नकाशा पुन्हा उघडला. नकाशा जुन्या मॉडेलचा होता. या गाडीत बॅटरी गार ठेवणाऱ्या फॅनच्या तारेची जागा वेगळी होती. त्यानं ती रिकाम्या पिनेत बसवली होती. गावात फिरताना भागलं. घाट चढताना बॅटरी तापली, फॅन फिरला नाही आणि मॉड्यूलनं गाडी बंद केली.

त्यानं तार जागेवर बसवली. फॅन लगेच फिरला.

"ताकानं झालं म्हणत्यात न्हवं?" गॅरेजचे मालक महादेवअण्णा म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे की रं तसंच."

सौरवनं मान डोलावली आणि गाडी टिळकवाडीला नेली. दार विद्युल्लताबाईंनीच उघडलं. डोळे सुजलेले होते.

"ताकच ना रे?"

व्हय म्हणायला तो तोंड उघडणार होता.

"न्हाय काकू. माझी चूक हाय. तार मी चुकीच्या जागी लावली."

"आक्काला ताक आवडायचं म्हणून घेतलं होतं मी. हे परवापासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत."

"काकू, मी..."

"मला नको सांगूस. आत जा. त्यांना सांग."

सर पेपर वाचत बसले होते. सौरवनं सगळं सांगितलं. सरांनी त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते उठले, दारापर्यंत गेले आणि बायकोजवळ नुसते उभे राहिले.

"मी चहा टाकते," त्या म्हणाल्या आणि सरांकडे न बघताच आत गेल्या.

सौरवनं किल्ली टेबलावर ठेवली. ती गाडी पुन्हा त्याच्या गॅरेजात आली नाही. काकतीला घरी जाताना तो अजून टिळकवाडीचा रस्ता टाळतो.