डावीकडच्या तीन फेऱ्या

हौदावर सगळे तिला ताईच म्हणत, साहेबसुद्धा. पाण्याखाली माणसाशिवाय चालणारी यानं त्या लांबलचक हौदात सोडायची, ती किती जागेत वळतात, कुठे भरकटतात ते मोजायचं आणि अहवालावर सही करायची, हे तिचं काम. पाण्यात म्हैस, बाहेर मोल, असला हा धंदा. पण सतरा वर्षांत ताईचं मोल कधी चुकलं नव्हतं.

हौदाचा नियम एकच. एक फेरी झाली की वीस मिनिटं थांबायचं. वरून पाणी शांत दिसलं तरी आत ते हलत असतं आणि पुढच्या फेरीत यानाला लोटतं. नव्या लोकांना हा वेळकाढूपणा वाटे. ताई त्यांना चांगलं फैलावर घेई.

आणि मंगळवारी तिनंच तो नियम मोडला. साहेब सकाळपासून डोक्यावर बसले होते. "आटपा ताई, न्यायला गाडी आलीय." डाव्या वळणाच्या शेवटच्या तीन फेऱ्या तिनं मध्ये पाच-पाच मिनिटंच थांबून उरकल्या. यान साडेतीन मीटरमध्ये वळलं. उजवीकडे त्यालाच जवळजवळ पाच मीटर लागले होते. एकाच पंख्याचं यान एका बाजूला जास्त ओढतं, एवढा फरक पडायचाच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि सही ठोकली.

गुरुवारी सकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो पाणबुड्या होता, धरणांची, बंदरांची पाण्याखालची कामं करायचा.

"ताई, तुझं यान आमच्याकडे आलंय बरं का! धरणाच्या बोगद्यात आज ते पुढे आणि मी मागे, त्याची वायर सांभाळत. टोकाला डावीकडे वळून परत यायचं."

"बोगदा रुंद किती आहे रे?"

"चार मीटर. मुकादम कुरकुरत होता. मी म्हटलं, अहवालावर माझ्या बहिणीची सही आहे, मी डोळे झाकून उतरेन. चल, तासाभरात जायचंय."

ताईला मंगळवारच्या त्या तीन फेऱ्या आठवल्या. तरी ती एवढंच म्हणाली, "जपून रे." का, ते तिला पुढे कधीच धड सांगता आलं नाही.

त्याच बनावटीचं दुसरं यान हौदाकाठी होतं. रात्रभर पाण्याला कोणी हात लावला नव्हता. तिनं ते सोडलं, सुकाणू डावीकडे वळवलं. चार मीटर ऐंशी.

फोन समोरच होता. पण एका फेरीवर कोणी आकडा बदलतं का? साहेबांना काय सांगणार, सतरा वर्षांच्या नावाचं काय होणार? नियम म्हणजे नियम, असं स्वतःला बजावून ती घड्याळाकडे बघत बसली. मंगळवारी जो नियम पायदळी तुडवला, तो आज तिनं मिनिटा-मिनिटानं पाळला. दुसरी फेरी झाली. चार मीटर नव्वद.

भावाचा फोन मुकादमानं उचलला. "ते खाली गेलेत."

"वर काढा त्याला! माझा आकडा चुकलाय. यान तिथं वळणार नाही!"

पुढचा पाऊण तास ती हौदाच्या कठड्याला धरून उभी होती. मग फोन वाजला. भावाचाच आवाज होता, पण दमलेला.

"यान भिंतीवर आदळलं. सगळा गाळ उठला, काही दिसेना. वायरचे दोन वेढे पायाला बसले होते. कापून बाहेर आलो. हवा संपत आली होती."

ताईला रडू फुटलं.

"चूक होते गं. कळल्याबरोबर फोन केलास, म्हणून वरून त्यांनी माझ्या कमरेचा दोर तरी ओढला."

इथं गप्प बसता आलं असतं. तिनं डोळे पुसले.

"कळल्याबरोबर नाही केला. आज पहिल्या फेरीलाच कळलं होतं. खात्री करायला वीस मिनिटं थांबले."



"तेव्हा मी काठावर बसून पोशाख चढवत होतो, ताई," तो म्हणाला.