डाव्या चाकाचा हब

मार्लिस टोलेफसनने त्या हबपुढे बुधवारी दुपारी हात टेकले. सोमवारपासून ती त्याच्या मागे होती. मोटारीचं मागचं डावं चाक तिने सहज उतरवलं. मधल्या नटाने मात्र घाम काढला. पान्याला हातभर लोखंडी पाइप जोडून ती त्यावर जवळजवळ उभीच राहिली, तेव्हा कुठे तो किरकिरत फिरला. पण नटामागचा हब, म्हणजे चाकाचा तो लोखंडी तुंबा, आसाच्या निमुळत्या टोकावर असा काही रुतून बसला होता की तेल पाजून झालं, लाकडाचा ठोकळा धरून चहूबाजूंनी ठोकून झालं, दोन-चार शिव्याही देऊन झाल्या, तरी तो केसभर हलला नाही. सत्तरीच्या बाईने शिव्या देऊ नयेत हे खरं, पण शेडमध्ये ऐकायला फक्त नवरा होता आणि त्याने त्याहून वाईट दिलेल्या तिने ऐकल्या होत्या.

मोटार एकोणीसशे एकोणतीस सालची, हिरवी मॉडेल ए, नवऱ्याच्या म्हणजे आर्डेनच्या वडिलांची. त्या हबच्या आतली, ग्रीस अडवणारी सील गेली होती आणि सगळं ग्रीस ब्रेकवर उतरत होतं. टोलेफसनांचं घर टेकाडावर. गावात जायचं तर उतार सरळ खाली जातो आणि तळाशी एकदम वळतो, त्यामुळे ब्रेकशिवाय ही मोटार शेडबाहेर काढायची सोय नव्हती. आणि हब निघाल्याशिवाय सील बदलता येत नव्हती.

एरवी हे काम आर्डेनने दोन तासांत उरकलं असतं. पण फेब्रुवारीत त्याला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि तोंडातले शब्द गेले. पाच-सहा तेवढे उरले. रविवारी त्याने डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहिली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावली. ‘शनिवार. नाही निघाला तर विक.’ खाली जुन्या मोटारी विकत घेणाऱ्या शहरातल्या एका हौशी माणसाचा फोन नंबर होता.

चिठ्ठी मार्लिसने दोनदा वाचली. थेरपीवाल्या बाईने सांगितलेला एकही व्यायाम आर्डेन करत नसे. पण रोज सकाळी काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारापासून शेडपर्यंतची ऐंशी पावलं तो चालायचा. तिने मोजली होती. मग मोटारीत स्टिअरिंगमागे अर्धा तास बसायचा आणि ऐंशी पावलं परत यायचा. मोटार गेली की ही पावलंही जाणार. मग तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसेल आणि तिथून उठणार नाही, याबद्दल तिला काडीची शंका नव्हती.

बुधवारी तिने सुट्या भागांच्या दुकानातून हब ओढून काढायचा तीन नख्यांचा पुलर भाड्याने आणला. नख्या हबला जोडलेल्या ब्रेकच्या ड्रमच्या कडेला अडकवल्या, मधला स्क्रू फिरवायला सुरुवात केली, आणि मागे खुर्चीत बसलेला आर्डेन काठी जमिनीवर आपटत ओरडला, “नको! नको! नको!”

“आता काय झालं?”

त्याने काठीने ड्रमची कड दाखवली. ती वाकायला लागली होती. आणखी दोन फेरे दिले असते तर ड्रम कायमचा बाद झाला असता. या हबच्या मागे एक खाच असते, त्या खाचेला धरणारा खास पुलर लागतो. तो आसपासच्या तीन तालुक्यांत एकाच माणसाकडे होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण त्या माणसाचं नाव या घरात मार्चपासून कुणी घेतलं नव्हतं.

हार्लन ब्रेक्के तीस वर्षं गावातल्या गॅरेजमध्ये होता. गॅरेज बंद झालं तेव्हा मालकाने दिलेला तो पुलर त्याने घरी नेला. आर्डेन इस्पितळातून आला त्याच आठवड्यात हार्लन भेटायला आला होता. टोपी हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिला.

“काही लागलं तर येत जाईन,” तो म्हणाला.

“नको,” आर्डेन म्हणाला.

“गाडीचं काही काम असलं तर...”

“नको.”

हार्लनने टोपीकडे पाहिलं, टोपी डोक्यावर घातली आणि गेला.

आता आमच्याकडे पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हणत नाही. पहिला नकार रीत म्हणून. दुसराही रीत म्हणूनच, जरा हळू आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं की मग, “बरं, तू एवढं म्हणतोस तर,” असं म्हणायचं. कॉफीचा दुसरा कप असो की शेतातलं पीक काढायला आलेला शेजारी असो, तीनदा विचारल्याशिवाय काही पुढे सरकत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी आर्डेनने याच हिरव्या मोटारीत लग्नाचं विचारलं तेव्हाही मार्लिस दोनदा “छे, तुला कशाला उगाच त्रास,” म्हणाली होती, आणि तो तिसऱ्यांदा विचारेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला होता.

हार्लनने तिसऱ्यांदा विचारलं नाही. आर्डेनने ते मनाला लावून घेतलं. हार्लनचा ट्रक रस्त्यावरून गेला की तो मान वळवून भिंतीकडे बघायचा. आणि आपण होऊन मदत मागायची, हे तर आमच्याकडे फारच झालं. त्यापेक्षा माणूस रविवारी चर्चमध्ये अनवाणी जाईल.

मार्लिस उपड्या बादलीवर बसून वाकलेल्या कडेकडे बघत राहिली. मग उठली, हात धुतले, सकाळी केलेल्या रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या डब्यात भरल्या आणि रोजची गाडी काढली.

हार्लनच्या ओट्यावर आधी पावसाचं बोलणं झालं. मग मक्याचं. मग चर्चमधल्या नव्या पास्टरच्या लांबलचक प्रवचनांचं. हार्लनने कॉफी विचारली, तिने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. त्याने वडी खाल्ली आणि “वाईट नाही,” म्हणाला. म्हणजे फार आवडली. अर्धा तास असा गेला आणि मार्लिसच्या लक्षात आलं की शनिवार काही कॉफी प्यायला थांबणार नाही.

“हार्लन, मला तुझा पुलर हवाय,” ती म्हणाली. “आणि तूही हवायस.”

तिचे कान तापले. हार्लनने कप खाली ठेवला.

“तो तर नको म्हणाला होता.”

“दोनदाच म्हणाला. तू तिसऱ्यांदा का नाही विचारलंस?”

हार्लनने वडीचा चुरा बोटाने गोळा केला. मग म्हणाला, “मार्लिस, त्याच्याकडे शब्दच मुळी पाच-सहा उरलेत. त्यातले दोन त्याने माझ्यावर खर्च केले. मला वाटलं, एवढी काटकसर असताना म्हणतोय म्हणजे मनापासूनच म्हणत असणार.”

“अरे देवा! अरे, त्याच्या तोंडातून ‘नको’च निघतं! हो म्हणायचं असलं तरी नकोच येतं. काल जेवताना तीनदा नको म्हणाला आणि दोन ताटं संपवली!”

हार्लन हसला नाही. रुमाल काढून नाक पुसलं आणि म्हणाला, “चार महिने मी त्या घरावरून मान खाली घालून जातोय.”

“आणि तो भिंतीकडे बघतोय,” मार्लिस म्हणाली. “दोघेही एकापेक्षा एक ठोंबे आहात.”

गुरुवारी सकाळी नऊला हार्लन आला. पुलर त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरून आणला होता, इतका तो जड. आर्डेन शेडमध्ये खुर्चीवर बसला होता. त्याने मान हलवली, हार्लननेही हलवली. चार महिन्यांचं बोलणं तेवढ्यावर भागलं.

हार्लनने आधी ड्रमची कड पाहिली. “बरं झालं थांबलात. एवढी सरळ होईल.”

“यानेच थांबवलं,” मार्लिस म्हणाली. आर्डेनने काठी जरा ताठ धरली.

हार्लनने नट पुन्हा चार आट्यांवर चढवून ठेवला. हब सुटला की अंगावर उडतो, तो नटाला अडावा म्हणून. मग पुलरचे दोन अर्धे हबमागच्या खाचेत बसवले, बोल्ट आवळले आणि मधला मोठा स्क्रू फिरवायला लागला. कपाळाची शीर फुगेपर्यंत फिरवला. हातोड्याचा एक नेमका टोला स्क्रूच्या डोक्यावर दिला. काही नाही. आणखी पाव फेरा, आणखी एक टोला. तरी काही नाही.

“कुठल्या गाढवाने हा इतका आवळला होता?” तो धापा टाकत म्हणाला. “मार्लिस म्हणते नटाला पाइप लावावा लागला.”

आर्डेनने काठी उचलली. सावकाश ती आडवी केली आणि टोक हार्लनच्या पोटावर टेकवलं.

हार्लनने काठीकडे पाहिलं, मग हबकडे, मग आर्डेनकडे. “मी?”

“हं,” आर्डेन म्हणाला.

मग मार्लिसलाही आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वी याच उतारावर हेच चाक डुगडुगायला लागलं होतं. आत आर्डेन आणि त्यांची लेक. आर्डेनने कशीबशी मोटार कुंपणाला घासून थांबवली. संध्याकाळी हार्लन आला, आसाचं टोक घासून साफ केलं, हब बसवला आणि पान्याला पाइप लावून नटावर अक्षरशः लोंबकळला. “आता हे चाक सुटायचं नाव घेणार नाही,” म्हणाला होता. आणि एकोणीस वर्षं ते सुटलं नाही. आर्डेन त्या चाकावर लेकीला लग्नाला घेऊन गेला, नातवंडांना तळ्यावर घेऊन गेला, आणि त्या उतारावर कुणाच्या मनात कधी चाकाचा विचारही आला नाही.

“हार्लन,” मार्लिस म्हणाली, “आम्ही त्या वेळी तुझे आभार मानले होते का रे?”

“केक दिला होतास. सफरचंदाचा.”

“केकचं नाही विचारत. आभार.”

“केक वाईट नव्हता,” हार्लन पुटपुटला आणि लाल झाला.

“मग आता मानते. लेक जिवंत आहे माझी. सोमवारपासून मी या हबला शिव्या घालतेय, आणि तो घट्ट होता म्हणूनच आम्ही इतकी वर्षं धड राहिलो. थँक यू.”

हार्लनला कुठे बघावं कळेना, म्हणून त्याने पुलरकडे पाहिलं. “आता याला हात लावायचा नाही,” तो घाईघाईने म्हणाला. “ताण बसलाय. ठोकत बसलो तर आतलं काहीतरी मोडेल. राहू दे तसाच. मनात येईल तेव्हा सुटेल. आपण कॉफी घेऊ.”

ही त्याने स्वतःच मागितलेली कॉफी होती. मार्लिसच्या ते लक्षात आलं, पण ती बोलली नाही.

स्वयंपाकघरात तिघे बसले. उरलेल्या वड्या संपल्या. हार्लनने आर्डेनला गॅरेजमधल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या आणि आर्डेनने ठरावीक जागी “हं” म्हटलं. फ्रिजवरची चिठ्ठी हार्लनने वाचली हे मार्लिसने पाहिलं. घड्याळात अकरा वाजले, साडेअकरा झाले. हार्लनचं बोलणं हळूहळू कमी झालं. एकदा त्याने खिडकीतून शेडकडे पाहिलं आणि मान हलवली, आणि मार्लिसला वाटलं, संपलं.

तेवढ्यात शेडमधून बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज आला.

खिडकीची काच थरथरली. हार्लनची कॉफी टेबलावर सांडली. आणि सगळ्यात आधी उठला तो आर्डेन. काठी खुर्चीला टेकवलेली तशीच राहिली. दाराच्या चौकटीला धरून, मग ओट्याच्या कठड्याला धरून तो खाली उतरला आणि चालायला लागला. मार्लिस काठी घेऊन मागे धावली, पण ती त्याच्या हातात द्यायचं तिला भान राहिलं नाही. पावलं मोजायचंही राहिलं.

हब बोटभर पुढे येऊन नटाला टेकला होता. सैल, मुकाट. आर्डेनने डावा हात त्यावर ठेवला आणि तो गोल फिरवला. हब फिरला. आर्डेनच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि ते पुसायला त्याच्याकडे मोकळा हात नव्हता, म्हणून मार्लिसने आपल्या एप्रनने पुसलं. तीही रडत होती. हार्लन शेडचं छप्पर बघत होता.

नट काढून हार्लनने हब उतरवला, आतली फाटकी सील दाखवली. नवी दुकानात आहे, आज आणून ठेवतो, म्हणाला. आर्डेन घरात परत गेला तेव्हा त्याचा हात मनगटापर्यंत काळ्या ग्रीसने माखला होता. तो सरळ फ्रिजपाशी गेला, चिठ्ठी ओढून काढली, तिलाच हात पुसला आणि चोळामोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मार्लिसने देवाचे आभार मानले, आणि लगोलग रुबार्बचेही.

हार्लन दारात उभा होता, टोपी हातात. मार्चमध्ये उभा होता तसाच.

“मग उद्या सकाळी येऊ का?” त्याने विचारलं. “सील बसवून टाकू.”

मार्लिस हातातलं फडकं पिळत थांबली. आर्डेनचे ओठ हलले. “न...” आला. तो थांबला. डोळे मिटले, मान खाली घातली.

“ये,” तो म्हणाला.

पहिल्याच विचारण्याला. अठ्ठेचाळीस वर्षांत मार्लिसने त्याच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं.

हार्लन पायरीवर तसाच उभा राहिला. पुढची दोन विचारणी त्याने वाटेत घोकून ठेवली असणार, आणि आता त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना.

“आठला?” शेवटी तो म्हणाला.

“ये,” आर्डेन म्हणाला.