देवाजीनं तर्री सोडली

बापाचा हातमाग बंद पडला तेव्हा देवाजीनं कढई हाती घेतली. आज नागपुरात त्याचं सावजी भोजनालय जोरात चालतं. रश्शावर बोटभर तेलाची तर्री तरंगली नाही, तर त्याला ते दवाखान्यातलं सूप वाटतं.

त्याची धाकटी बहीण पुष्पलता खाप्याला राहते. तिचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. आपल्या लिव्हरचा तुकडा तिला द्यायचा, हे देवाजीनं कुणालाही न विचारता ठरवून टाकलं. रक्तगटही जुळला. पण तपासणीत त्याच्याच लिव्हरमध्ये चरबी निघाली. ती उतरल्याशिवाय तुकडा घेता येणार नाही, असं डॉक्टर मॅडमनी सांगितलं. भाज्या, डाळी, कडधान्यं, ज्वारीची भाकर यांवर भर द्या आणि लवकर करा, बहिणीला फार थांबता येणार नाही, असंही बजावलं.

देवाजीनं त्याच दिवशी मटण सोडलं. गडी शब्दाचा पक्का. पुढच्या तपासणीला छाती काढून गेला, तर चरबी होती तिथंच. मॅडमनी विचारलं, रोज काय खाता? पाटोडीचा रस्सा, भरली वांगी, डाळकांदा, त्यानं ऐटीत सांगितलं. सगळं शाकाहारी.

"आणि तर्री?"

"तर्री तर राहीनच ना, मॅडम. तेल काय बकऱ्यातून निघते?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. शेजारी बसलेल्या नंदिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, भर घातली की हॉटेलातली प्रत्येक कढई हेच चाखतात, तेही वाटीनं.

त्या दिवसापासून चाखायचं काम नंदिनीनं हिसकावून घेतलं. देवाजीच्या ताटात आंबाडीची भाजी, मोडाची मटकी, भाकर आणि नावापुरतं तेल. घमघमत्या कढईशेजारी असलं जेवताना त्याचा जीव कासावीस व्हायचा. त्यात गिऱ्हाईकं सांगू लागली की हल्ली रस्सा पहिल्यापेक्षा झकास होतो. मटण सोडण्यापेक्षा हे फार झोंबलं. तरी बहाद्दर बधला नाही.

पँट ढिली झाली, जिना चढताना दम लागेनासा झाला, आणि एका सकाळी मॅडम रिपोर्ट पाहून हसल्या. चरबी उतरली होती. देवाजीला रडूच कोसळलं. दवाखान्याच्या पायरीवरूनच त्यानं खाप्याला फोन लावला.

बातमी ऐकून पुष्पलता हळूच म्हणाली, "दादा, तुले भेव नाही लागत?"

"लागते वं. पण खराब वस्तू बहिणीले कशी देऊ, म्हणून थांबलो होतो. आता देण्यासारखी झाली."