पंचफुलाबाईचे डोळे

"बाबा, हे काय करून ठेवलं तुमी?"

संजीवनीचा आवाज इतका चढला की पलीकडे निसर्गचित्रं बघणारे दोघे-तिघे मागं वळले.

बुलढाण्याच्या वार्षिक चित्रप्रदर्शनात व्यक्तिचित्राचं पहिलं बक्षीस तिच्या बापाला, खामगावच्या इंद्रभान पेंटरला मिळालं होतं. पण सासरच्या गावाहून, उंद्रीहून सकाळच्या एसटीनं ती बक्षीस बघायला आली नव्हती, आईचं चित्र न्यायला आली होती. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर होतं आणि भिंतीवर लावायला पंचफुलाबाईचा एक धड फोटो नव्हता. आता चित्र समोर होतं. डोक्यावर पदर, कपाळाला अहेवपणाचं मोठं कुंकू आणि डोळे मिटलेले. खाली छापील चिठ्ठी होती, 'विश्रांती'.

हे बारसं शाळेतल्या ड्रॉइंगच्या राजकुमार सरांचं. इंद्रभानच्या दुकानातून चित्र उचलून त्यांनीच इथं आणलं होतं. "काय शांतता आहे हो चेहऱ्यावर! परीक्षक हलायलाच तयार नव्हते," असं सांगून ते पुढच्या पाहुण्यांकडे गेले. ती शांतता कुठली, ते बापलेकीलाच ठाऊक होतं.

खामगावात इंद्रभानचा तीस वर्षं एकच धंदा खरा चालला. जिवंतपणी ज्याचा फोटो निघाला नाही, त्याला घरचे लोक तिरडीवर ठेवण्याआधी भिंतीला टेकवून बसवत, फोटो काढत आणि इंद्रभानकडे आणत. तेरवीच्या आत तो चित्रात डोळे उघडून देई. डोळे एका जुन्या कॅलेंडरवरचे. बाई असली तर काजळाची रेघ जास्त, एवढाच फरक. अर्ध्या तालुक्यातली मेलेली माणसं एकाच नजरेनं आपापल्या घराकडे बघत होती, पण एकाचीही तक्रार आली नाही. उलट आशाबाई नावाची एक म्हातारी नवऱ्याचं चित्र बघून "हे असेच पाहात होते वं माय" म्हणत दुकानात ढसाढसा रडली होती.

पंचफुलाबाई कॅमेरा दिसला की पदर ओढून घ्यायची. लेकीच्या लग्नातही ती सगळ्या फोटोंत पाठमोरी, नाहीतर कशावर तरी वाकलेली. आधार कार्डावरचा फोटो कुणाचाही म्हणून खपला असता. ती गेली तेव्हा इंद्रभाननंच तिला भिंतीला टेकवलं आणि शेजाऱ्याला मोबाइलवर फोटो काढायला लावला. सवयच ती.

"साऱ्या गावच्या मेलेल्याइचे डोये उघडले तुमी," संजीवनी आता हळू बोलत होती. "माह्या मायचेच काऊन नाई उघडले?"

इंद्रभान खांद्यावरची सत्काराची शाल चाचपत राहिला.

"उघडले होते. तीन खेपा उघडले, तीन खेपा पुसले."

"काऊन?"

"ते कॅलेंडरचे डोये होते, पोरी. तिचे नव्हते."

"मंग तिचे काढा ना."

"आठोतच नाईत मले." तो चित्राकडे बघतच बोलला. "तीस वर्सं तिनं ताट वाढलं, मी ताटाकडे पाह्यलं. लोकाइची मेलेली तोंडं दिवस दिवस पाहात बसलो. हिच्याकडे पाहाचं राहूनच गेलं."

बापानं लेकीला याहून वाईट काही सांगू नये. संजीवनी बाजूच्या खुर्चीवर बसली. तिला खूप बोलायचं होतं, अगदी लागेल असं. पण म्हाताऱ्याची खाली गेलेली मान पाहून तिनं ते सोडून दिलं.

"तिचा एक डोया लहान होता," ती म्हणाली. "राग आला का अर्धा मिटे. तुमी न बोलता जेवून उठले, का तसाच मिटे."

इंद्रभाननं खिशातून पेन्सिल काढली आणि प्रदर्शनाची पत्रिका उलटी केली.

"कोनता?"

"डावा."

"तिचा डावा, का माह्या हाताकडून डावा?"

संजीवनीनं डोळे मिटले. चुलीपुढं बसलेली आई आठवून तिचं बोट आपसूक स्वतःच्या डाव्या डोळ्यावर गेलं.

"तिचा."

त्यानं लिहिलं, 'डावा, लहान.' पेन्सिल तशीच कागदावर टेकलेली राहिली. मग त्यानं मान वर न करता विचारलं, "काये होते, का घारे?"

संजीवनीनं त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि पुढचं स्वतःच लिहायला लागली.