पडद्यावरचा बाण

धाकट्या भावानं रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीपासून लावलं, तशी ताईनं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

बाळांच्या लोकरी टोप्या विकणारी दोघांची वेबसाइट होती. लोक यायचे, बघायचे आणि न घेताच जायचे. का जातात ते कळलं नाही, तर दुकान गुंडाळावं लागणार होतं. म्हणून साइटवर येणाऱ्यांचा माग काढणारी दोन टूल्स त्यांनी चाचणीसाठी फुकट घेतली होती. एक नुसती डोकी मोजायचं, दुसरं डोक्यात शिरायचं. माणूस कुठं थबकला, काय टाइप केलं, काय खोडलं, सगळं सिनेमासारखं दाखवायचं. धाकटा दुसऱ्यावर लट्टू होता. ताईच्या मते मात्र हे गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभं राहणं होतं. त्यावर, तू अशीच लाजत राहिलीस तर टोप्या आपल्यालाच घालाव्या लागतील, असं त्याचं तिला ऐकवून झालं होतं.

पडद्यावर एका बाईनं आपली ऑर्डर उघडली होती. पिवळी टोपी, सगळ्यात लहान मापाची. माउसचा बाण दुकानाला निरोप लिहायच्या चौकटीत गेला. सावकाश अक्षरं उमटली: टोपी पाठवू नका. बाळ राहिलं नाही.

मग एकेक अक्षर मागे गेलं. चौकट कोरी झाली. बाई निघून गेली.

ताईनं कुरियरवाल्याला फोन लावला. पार्सल सकाळीच गाडीत चढलं होतं. आता घेणाऱ्यानं नको म्हटलं तरच परत फिरेल, असं तो म्हणाला.

"तसं कळवलंय का त्यांनी तुम्हाला?"

ताई कोऱ्या चौकटीकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर धाकटा हळूच म्हणाला, "आपणच विचारू की त्यांना."

"काय विचारू? तुम्ही खोडलेलं आम्ही वाचलं, ते खरंय का म्हणून?"

त्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. डोकी मोजणारंच घेऊ या, हे आत्ताच बंद करतो, असं पुटपुटत त्यानं बटणाकडे हात नेला. तेवढ्यात कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला. तीच ऑर्डर पुन्हा उघडली होती, आत्ता, त्यांच्या डोळ्यांदेखत. बाण चौकटीपाशी येऊन थांबला.

ताईनं त्याचं मनगट धरलं.

"थांब जरा. या खेपेला पाठवेल ती."